‘माझ्याकडे तर चालतंय!’

मागच्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर आठ आठवड्यांचा प्रकल्प करणार होती. ती सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, मी इथे अमेरिकेत. तिच्याकडे भावाचा जुना विंडोज लॅपटॉप, माझ्याकडे ऑफिसचा लिनक्स संगणक. काम तसं सरळ होतं. किनाऱ्याजवळ लाटा कशा फुटतात याचं आमच्या गटाचं एक जुनं फॉरट्रॅन मॉडेल आहे. ते तिने आपल्या लॅपटॉपवर चालवायचं, समुद्रतळाचं घर्षण कमी-जास्त करायचं आणि लाटांची उंची किती बदलते ते नोंदवायचं. सोबत मी लिहिलेली सूचनांची फाईल पाठवली होती. तीत मॉडेल इन्स्टॉल कसं करायचं याबद्दल एकच ओळ होती: ‘मेक’ ही आज्ञा चालवा.

त्या एका ओळीने आठपैकी तीन आठवडे खाल्ले. सोळाव्या दिवशी तिचा निरोप आला, “मॅडम, माझं प्रोग्रॅमिंगच कच्चं आहे बहुतेक. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी घ्या. उगाच तुमचा वेळ जातोय.”

तुमच्यापैकी ज्यांनी कधी दुसऱ्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बसवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना ही भावना ओळखीची वाटेल. ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपण लिहितो तो प्रोग्रॅम माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत असतो. त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. तयार झालेले तुकडे एकमेकांना आणि आधीपासून लिहून ठेवलेल्या लायब्ररींना जोडतो तो लिंकर. कोणता तुकडा आधी, कोणता नंतर, हे बघतो ‘मेक’, जो १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला आणि अजूनही जगभर राबतो आहे. या सगळ्या लटांबराला मिळून टूलचेन म्हणतात. गोम अशी की यातली प्रत्येक कडी खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल काही ना काही गृहीत धरते, आणि ते कुठेही लिहिलेलं नसतं. भारतातून आणलेला मिक्सर अमेरिकेतल्या भिंतीत लावून बघितला असेल, तर मला काय म्हणायचंय ते कळेल. मिक्सर चांगला, वीजही चांगली, पण मिक्सरने २३० व्होल्ट गृहीत धरलेले आणि भिंतीत १२०.

तर तिच्या लॅपटॉपवर काय काय झालं? विंडोजवर ‘मेक’ मुळात नसतोच. तो, फॉरट्रॅन कंपायलर आणि नेटसीडीएफ नावाची लायब्ररी, असं सगळं वेगळं आणावं लागतं. तिने शोधून शोधून ते आणलं. मग कंपायलरने आमच्या कोडवर शंभरेक तक्रारी केल्या. याचं कारण तिच्या चुकीत नव्हतं. जीसीसी या कंपायलर-संचाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हापासून त्यातला फॉरट्रॅन कंपायलर एक जुनी सवय खपवून घेत नाही: एकाच उपप्रोग्रॅमला एकदा एका प्रकारची संख्या द्यायची आणि पुढे दुसऱ्याच प्रकारची. पूर्वी तो फार तर कुरकुरायचा, आता थेट नकार देतो. जुन्या फॉरट्रॅनमध्ये ही सवय सर्रास आढळते, आमच्याकडेही होती. पण माझ्या ऑफिसच्या संगणकावर आठवी आवृत्ती होती, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. तिच्याकडे नवीन कंपायलर होता एवढाच तिचा गुन्हा.

ते निस्तरलं तर पुढची गंमत. कंपायलर म्हणायचा, अमुक फोल्डर सापडत नाही, आणि फोल्डरच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. यात नऊ दिवस गेले. शेवटी मी व्हिडिओ कॉलवर तिची स्क्रीन बघितली आणि डोक्यात प्रकाश पडला. तिच्या भावाने लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेने स्वतःचं नाव देवनागरीत टाकलं होतं. विंडोज त्या नावाचं फोल्डर बनवतं, आणि कंपायलर आपल्या तात्पुरत्या फायली त्याच फोल्डरच्या पोटात ठेवतो. ग्रीक, रशियन, अरबी, थाई या लिप्यांसाठी विंडोजमध्ये युनिकोडपूर्व काळातली संकेतपृष्ठं आहेत. देवनागरीसाठी तसं संकेतपृष्ठ नाही, ती विंडोजमध्ये थेट युनिकोडमधूनच आली. त्यामुळे जी साधनं अजून जुन्या पद्धतीने फायलींची नावं वाचतात, त्यांना आपली लिपी दिसतच नाही. तात्पुरत्या फायलींसाठी रोमन नावाचं दुसरं फोल्डर नेमून दिलं आणि पाच मिनिटांत काम झालं.

(लिपीवरून आठवलं. मराठीतला ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा र अधिक नुक्ता असा तोडून. मॅकची जुनी फाईल-व्यवस्था फायलींच्या नावातला ऱ हमखास तोडायची. ‘दुसऱ्या-चाचणी’ नावाची फाईल तिथून लिनक्सवर नेली की स्क्रीनवर नाव तेच दिसतं, पण लिनक्सच्या लेखी ‘दुसऱ्या’तला ऱ सबंध असलेली फाईल वेगळी आणि तोडलेला असलेली वेगळी.)

मॅकवाल्यांनी हसू नये. मॅकवर ‘जीसीसी’ टाईप केलं तर उत्तर देतो तो क्लँग नावाचा वेगळाच कंपायलर, आणि फॉरट्रॅन कंपायलर तर ॲपल सोबत देतच नाही. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या चिप आणल्या, तेव्हा जुन्या इंटेल मॅकसाठी लिहिलेल्या कितीतरी सूचना एका रात्रीत चुकीच्या ठरल्या.

इथवर ही ‘संगणकवाल्यांची रड’ वाटेल. माझ्या क्षेत्रातले बरेच ज्येष्ठ सहकारी तसंच म्हणतात. त्यांच्या मते इन्स्टॉल करणं म्हणजे हमाली. विज्ञान त्यानंतर सुरू होतं. माझं मत वेगळं आहे, आणि ते सांगायलाच हा लेख लिहिते आहे. इन्स्टॉल करणं हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि एकच मॉडेल तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवणं ही आपल्याला मिळू शकणारी सर्वांत स्वस्त फेरतपासणी आहे.

२०१९ मधलं एक प्रकरण बघा. हवाई विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ एका सायनोबॅक्टेरियापासून मिळालेल्या रेणूंची रचना ठरवत होते. त्यासाठी ते ‘विलबी-हॉय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पायथन स्क्रिप्ट वापरत होते, ज्या २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या आणि अनेक प्रयोगशाळांत रुळल्या होत्या. एकच स्क्रिप्ट, त्याच फायली. पण विंडोज १० आणि मॅकच्या मॅव्हरिक्स आवृत्तीवर उत्तर आलं १७३.२, मॅकच्या मोहावे आवृत्तीवर १७२.७ आणि उबुंटू लिनक्सवर १७२.४. एखादा टक्काही फरक नाही, पण रेणूची रचना ही की ती हे ठरवताना एवढा फरक दिशाभूल करायला पुरतो. कारण काय निघालं? स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फायलींची यादी ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागायची आणि ती ठरावीक क्रमाने मिळेल असं धरून चालायची. पायथनने क्रमाची हमी कधीच दिलेली नव्हती. काही सिस्टिमवर यादी वर्णानुक्रमे यायची, काहींवर वाट्टेल तशी, आणि मग एका फाईलमधली ऊर्जा दुसऱ्याच फाईलच्या आकड्यांना जोडली जायची. प्रोग्रॅम थांबला नाही, कुरकुरला नाही. त्याने शांतपणे चुकीचं उत्तर दिलं. उपाय काय, तर यादी आधी क्रमाने लावून घेणारी एखादी ओळ.

विचार करा, जगातल्या सगळ्या रसायनशास्त्रज्ञांकडे एकच ऑपरेटिंग सिस्टिम असती, तर ही चूक कुणाच्या लक्षात आली असती का?

असे सापळे बरेच आहेत. सी भाषेतली ‘लाँग’ प्रकारची पूर्णांक संख्या ६४ बिटी लिनक्सवर आणि मॅकवर ६४ बिटांत मावते, विंडोजवर मात्र ३२ बिटांत. म्हणून पायथनमधल्या नमपाय लायब्ररीचा नेहमीचा पूर्णांक २०२४ मध्ये २.० आवृत्ती येईपर्यंत विंडोजवर ३२ बिटांचाच होता. बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की संख्या उलटून ऋण व्हायची. दशांश अपूर्णांकांचं तर विचारू नका. गुणाकार करून लगेच बेरीज करायची असेल, तर काही चिप ते एका दमात करतात आणि एकदाच राउंडिंग करतात, काहींवर ते दोनदा होतं. फरक शेवटच्या अंकात पडतो. पण आम्ही हवामान आणि समुद्रवाले शेवटच्या अंकाला घाबरून असतो. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ टाकून आपलं मॉडेल पुन्हा चालवलं आणि काही महिन्यांचं हवामान पार वेगळं निघालं. केऑस सिद्धांताची गोष्ट बहुतेक वेळा तिथूनच सुरू करतात.

आता तुमच्यातले सॉफ्टवेअरवाले म्हणतील, यात काय एवढं, डॉकर वापरा. म्हणजे प्रोग्रॅम, त्याच्या लायब्ररी आणि सगळा संसार एका डब्यात बंद करून पाठवा; समोरच्याने डबा उघडायचा, बस. मीही वापरते. दहा वर्षांनी जुना निकाल पुन्हा काढायचा तर त्याच्याशिवाय, किंवा निक्स आणि गुइक्ससारख्या साधनांशिवाय, कठीणच आहे. पण डबा म्हणजे मुरांबा. जे फळ घातलं तेच टिकवतो, किडकं असलं तर किडकंच. एखादा निकाल फक्त त्या डब्यातच येत असेल, तर तो समुद्राचा गुणधर्म आहे की डब्याचा, हे कळायला डब्याबाहेर यावंच लागतं. त्या रसायनशास्त्रज्ञांनी स्क्रिप्ट डब्यात घालून वाटली असती, तर सगळ्यांचं उत्तर अगदी तंतोतंत जुळलं असतं. उबुंटूच्या डब्यात तंतोतंत चुकीचं.

आमच्याच मॉडेलचं सांगते. चौथ्या आठवड्यात तिच्या लॅपटॉपवर ते एकदाचं चाललं. बाकी सगळे आकडे माझ्या आकड्यांशी जुळले, फक्त किनाऱ्यालगतच्या दोन बिंदूंवर लाटांची उंची वेगळी. माझी पहिली प्रतिक्रिया, लाज वाटते सांगायला, अशी होती की तिचंच काहीतरी चुकलं असणार. तिने मात्र ते सोडलं नाही. कंपायलरच्या सगळ्या तपासण्या चालू करून पुन्हा बिल्ड केलं, आणि दोन दिवसांनी मला ओळीचा क्रमांक पाठवला. घर्षणाच्या एका तक्त्यातल्या शेवटच्या जागांना सुरुवातीची किंमत द्यायची राहून गेली होती. माझ्या संगणकावर त्या जागी योगायोगाने शून्य असायचं, तिच्याकडे स्मृतीत उरलेला कचरा. चूक माझी होती, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली. आम्ही जी आकृती छापली होती, तीत ते दोन बिंदू येत नव्हते, हे माझं नशीब.

म्हणून मला राग येतो तो आपल्या पद्धतीचा. शोधनिबंधात आपण रसायन कोणत्या कंपनीचं आणि किती शुद्ध हे लिहितो, पण कंपायलर कोणता, कोणत्या आवृत्तीचा आणि कोणत्या सिस्टिमवर, हे लिहायला आपल्याला जागा पुरत नाही. इन्स्टॉलच्या सूचना लिहिणं हे काम गटातल्या सर्वांत नवख्या माणसावर ढकलतो किंवा करतच नाही, आणि ज्याने केलं त्याचं नाव कुठेही येत नाही. पुन्हा नवीन विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती नेमकी याच भिंतीशी, आणि तेही एकट्याने. इथल्या विद्यापीठात असाल तर शेजारच्या टेबलावर कुणीतरी असतं, जो म्हणतो, “अरे, ते असंच होतं, हे टाकून बघ.” सांगलीत रात्री अकरा वाजता, वापरलेल्या लॅपटॉपसमोर बसलेल्या मुलीच्या शेजारी कुणी नसतं. तिला वाटतं आपणच कच्चे. अशी किती मुलं सोळाव्या दिवशी निरोपही न पाठवता गेली असतील, ते आपल्याला कळणारही नाही, कारण त्यांची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नाही.

आमच्या सूचनांच्या फाईलमध्ये आता एका ओळीची चार पानं झाली आहेत. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींसाठी वेगळी. विंडोजचं पान तिनेच लिहिलं आहे, वर तिचं नाव आहे, आणि पहिलीच सूचना अशी: तुमचं विंडोजवरचं नाव देवनागरीत आहे का ते आधी बघा. कोडमध्ये काहीही बदल केला की ते आपोआप तिन्ही सिस्टिमवर बिल्ड होतं आणि आकडे ताडून बघितले जातात. गेल्या महिन्यात त्यात मॅकचा निकाल लाल झाला. तेव्हा मी आधी माझाच बदल तपासला.

ती हल्ली मला मॅडमऐवजी ताई म्हणते. यंदाचा विद्यार्थी नांदेडचा आहे. पहिल्या फोनवर मी त्याला लाटांबद्दल काही विचारायच्या आत लॅपटॉप कोणता ते विचारलं, तर तो जरा बिचकला आणि म्हणाला, “विंडोज आहे, पण जुना आहे. चालेल ना?”

मी म्हटलं, “उत्तम. तोच हवाय.”