शिवसागराच्या कांठानें

वैशाख लागला कीं साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत एकच विषय निघतो, आणि तो म्हणजे समुद्र. कुणी गुहागरास निघतात, कुणी गणपतिपुळ्यास. ज्यांचें कोंकणांत कांहीं उरलेलें नाहीं तेहि एखाद्या दूरच्या आप्ताचा पत्ता शोधूं लागतात. यंदा आमच्याकडेहि ही चर्चा झाली. मुलें आपापल्या नोकऱ्यांच्या गांवीं. घरांत आम्ही उभयतांच. तेव्हां पाण्याचा कांठच हिंडावयाचा तर तो आपल्या जिल्ह्यांतला कां नको, असा प्रश्न सौभाग्यवतीनेंच काढला. तिचें माहेर सांगलीचें. लहानपणीं ती कृष्णेच्या घाटावर पोहावयास शिकली, आणि समुद्रांत नुसते पाय भिजवून परत येण्यापेक्षां एकदां वल्हें हातीं धरून पाहावें, ही तिची इच्छा आम्ही गेलीं वीस वर्षें ऐकत आलों आहों. साठी ओलांडल्यावर ती पुरवावयास निघालों, याबद्दल शेजाऱ्यांनीं आम्हांस हंसून घेतलें, तें त्यांचें चुकलें असें म्हणवत नाहीं.

ज्या पाण्याविषयीं आम्ही लिहीत आहों तो शिवसागर जलाशय. कोयना धरण १९६४ सालीं पुरें झालें. एकशें तीन मीटर उंचीची ती भिंत उभी राहिली आणि तिच्या पाठीमागें जावळीच्या डोंगरांतून सुमारें पन्नास किलोमीटर लांब पाणी पसरलें. आज त्यांत एकशें पांच अब्ज घनफूट पाणी मावतें. वरच्या अंगास, बामणोली-तापोळ्याच्या बाजूस, कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही नद्यांचीं खोरीं एकांत एक मिळालेलीं असल्यामुळें कांठ सरळ असा कोठेंच नाहीं. डोंगराची एक सोंड पाण्यांत उतरते, तिला वळसा घालावा तों दुसरी पुढें येते. नकाशा पाहिला तर एखाद्या खाऱ्या खाडीचाच भास व्हावा.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून, कासवरून बामणोली पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. ज्या पठारावर भाद्रपदांत फुलें पाहावयास मोटारींच्या रांगा लागतात, तें कास वैशाखांत अगदीं निराळें दिसतें: काळा तापलेला कातळ, वाळलेलें गवत आणि एखादें खुरटें झुडूप. आमच्या बसमध्यें बाहेर पाहणारे आम्ही दोघेच होतों. बाकीचे उतारू बाजारचें ओझें सांभाळून झोपीं गेले होते.

उन्हाळ्यांत जाणारांनीं एक गोष्ट आधींच ध्यानांत ठेवावी. चित्रांत दिसतें तसें निळें पाणी हिरव्या झाडींस टेकलेलें या दिवसांत आढळत नाहीं. पाणी खालीं गेलेलें असतें आणि त्याच्या व झाडीच्या मध्यें तांबूस, भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो. होडीपर्यंत जावयाचें तर त्या ढेंकळांतून पाय सांभाळीत उतरावें लागतें. आम्ही पाहतांच थोडे हिरमुसलों, हें कबूल करतों.

बामणोलींत एका घरीं उतरलों होतों. दुपारच्या पानांत नाचणीची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक आलें. पहिला घांस घेतांच सौभाग्यवती थबकली. काय झालें म्हणून विचारलें, तर "कांहीं नाहीं, पुढें सांगेन," एवढेंच ती म्हणाली.

ऊन उतरल्यावर एक लहान होडी आणि ती सांभाळावयास एक पंचविशीचा तरुण, असे आम्ही निघालों. मोठ्या लाँच येथें पुष्कळ आहेत. पण वल्ह्याची होडी मागणारे आमच्यासारखे विरळाच, म्हणून त्यालाहि गंमत वाटत असावी. लाइफ-जाकिटें घातल्यावांचून त्यानें आम्हांस बसूं दिलें नाहीं, आणि तें योग्यच होतें. वल्हविण्याची पहिली अडचण ही, कीं जावयाचें असतें पुढें आणि बसावयाचें असतें त्या दिशेकडे पाठ करून. दुसरी अडचण अशी, कीं पतिपत्नींनीं एकेक वल्हें घेतलें म्हणजे ज्याचा जोर अधिक त्याच्या उलट बाजूस होडी वळत राहते. आम्ही जोर दाखविण्याच्या नादांत होडी तीनदां वाटोळी फिरविली. अखेर सौभाग्यवतीनें "अहो, माझ्या हाताकडे पाहा आणि माझ्याबरोबर ओढा," असा हुकूम सोडला, तेव्हां कोठें ती सरळ चालूं लागली. लग्नाला सदतीस वर्षें झालीं. हा धडा पूर्वींच मिळाला असता तर बरें होतें.

कांठाकांठानें अर्धा तास गेलों असूं. एका सोंडेआड वळतांच त्या तरुणानें हात वर करून आम्हांस थांबविलें. पाण्यांतून दगडांची एक ओळ किंचित् वर आलेली दिसत होती. खडक असावा असें आम्हांस वाटलें. तो म्हणाला, "काकू, हा आमच्या आज्याच्या शेताचा बांध. पाणी आटलं की वर येतो. पंधरा दिवस दिसतो, मग पाऊस येतो."

आम्ही दोघांनींहि वल्हीं आंत घेतलीं. त्यानें आणखी फारसें सांगितलें नाहीं. विचारलें तेवढ्यालाच उत्तर दिलें. घर आणखी खालीं होतें, तें कधींच वर येत नाहीं. आजा डोंगराच्या वरच्या अंगास सरकून येथेंच राहिला. आज्याचा थोरला भाऊ मात्र सरकारनें दिलेल्या जमिनीवर सांगलीकडे गेला. "तिकडं जमीन काळी, लई चांगली म्हणत्यात. पर त्येंचा जीव काय लागला न्हाई."

सांगलीचें नांव निघालें आणि जेवतांना अडलेली गोष्ट सौभाग्यवतीनें तेथें पाण्यावरच सांगितली. ती सात-आठ वर्षांची असतांना, म्हणजे १९७१ च्या सुमारास, तिच्या माहेरीं वाळवणाच्या दिवसांत निवडणटिपण करावयास एक बाई येत असे. मजुरीखेरीज घरांतून तिला शाळूची पायली मिळे. एकदां तिनें आजीला विचारलें, "शाळूच्या बदल्यात नाचणी असली तर द्याल का?" सांगलीसारख्या शाळवाच्या मुलखांत नाचणी मागणारी बाई पाहून घरांतलीं सारीं मुलें हंसलीं. "तुझें गांव कोठें ग?" असें कुणीसें विचारलें. ती म्हणाली, "पाण्याखाली." यावर मुलें अधिकच हंसलीं. पाण्याखालीं गांव कसें असेल? तिथें काय मासे राहतात? सौभाग्यवती त्या हंसणारांत होती. घरांतल्या मोठ्या माणसांनीं त्यांना दटावल्याचें तिला आठवत नाहीं.

होडीवाल्यानें हें सारें ऐकून घेतलें आणि "लहान होतासा, काकू," एवढेंच तो म्हणाला. परत येतांना वल्हीं त्यानेंच मारलीं.

या धरणानें शंभराच्या आसपास गांवें उठविलीं. तीं माणसें सातारा, सांगली, सोलापूर आणि कोंकणपट्टीच्या जिल्ह्यांतून विखुरलीं. जमिनी मिळाल्या त्या कुणास पुरत्या, कुणास अपुऱ्या, आणि कुणाच्या कागदावरच राहिल्या. १९६४ मध्यें पुऱ्या झालेल्या धरणासाठीं २०१८ सालींहि धरणग्रस्त कोयनानगरांत ठिय्या देऊन बसले होते. जे डोंगरावर सरकून राहिले त्यांच्या भोंवतीं १९८५ मध्यें अभयारण्य आलें आणि २०१० मध्यें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प. म्हणजे खालून पाणी चढलें आणि वरून रान. आम्ही स्वतः त्या धरणाची आठवण ठेवीत आलों ती निराळ्याच कारणानें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला आणि सुमारें एकशें ऐशीं माणसें दगावलीं, तेव्हां साताऱ्यास आमच्या आजीनें आम्हां भावंडांना अंथरुणासकट ओढून अंगणांत आणलें होतें. आमच्या घरीं 'कोयना' म्हणजे ती रात्र आणि तिच्यानंतर स्वस्तांत लागलेले विजेचे दिवे. उठलेलीं गांवें आमच्या बोलण्यांत कधीं आलीं नाहींत.

दुसऱ्या दिवशीं वासोटा. त्यासाठीं बामणोलींत वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि गडावर मुक्काम करण्यास मनाई आहे. म्हणून पहिली लाँच गांठावी. दीड तासाच्या जलप्रवासानंतर मेट इंदवलीच्या कांठास उतरतात. हें गांवहि आतां उठलें आहे. तेथून दाट झाडींतली वाट लागते. आरंभीं मारुति-गणपतीचें ठाणें आणि एक ओढा; मग मात्र छातीवरचा चढ. जलाशय भरलेला असतां त्याची पातळी समुद्रापासून सुमारें ६६० मीटर असते आणि गडाचा माथा ११७० मीटर. तेव्हां पांचशें मीटरांहून अधिक चढावयाचें हें ओघानेंच आलें. तरुण मंडळी हें दीड तासांत करतात. आम्हांस पावणेतीन लागले. वैशाखांतहि बहुतेक वाट सांवलीची आहे, हीच काय ती दया. माणशीं तीन लिटर पाणी, गुळशेंगदाणे, डोक्यास टोपी आणि हातांत काठी एवढें असलें म्हणजे प्रकृति ठीक असणाऱ्या साठीच्या जोडप्यास भिण्याचें कारण नाहीं. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनीं मात्र होडीच्या फेरीवरच समाधान मानावें. या रानांत गवे व अस्वलें आहेत. मोठ्यानें गाणीं लावून चालणारे जे दोन-तीन थवे आम्हांस भेटले, त्यांच्यापेक्षां तीं अधिक सभ्य असावींत, कारण तीं समोर आलीं नाहींत.

वर वाड्याचे अवशेष आहेत, पाण्याचीं टांकीं आहेत, आणि बाबुकड्याचा तो प्रचंड अर्धवर्तुळाकार तुटलेला डोंगर आहे. समोर जुना वासोटा. हा किल्ला मुख्यतः कैद्यांचा. १८१७-१८ च्या युद्धांत दुसऱ्या बाजीरावानें साताऱ्याच्या राजघराण्यांतील मंडळी येथें ठेविलीं होतीं, शिवाय दोन इंग्रज अधिकारीहि. एप्रिल १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांपुढें गड पडला. त्याच्याआधीं कांहीं वर्षें पंतप्रतिनिधींच्या बाजूची ताई तेलीण येथून बापू गोखल्यांशीं झुंजली. सौभाग्यवतीला हिच्याविषयीं अधिक ऐकावयाचें होतें, पण आम्हांस ठाऊक होतें तें तेवढ्यांतच संपलें.

पश्चिमेच्या कड्यावरून कोंकण खालीं पडलेलें दिसतें. येथें बसून आम्ही पाण्याचा हिशेब लावला. या जलाशयाचें पुष्कळसें पाणी याच डोंगररांगेच्या पोटांतून बोगद्यांनीं पश्चिमेकडे पडतें, वीज करतें आणि वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडींतून अरबी समुद्रास जातें. या विजेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. उरलेलें पूर्वेस कऱ्हाडला कृष्णेस मिळून सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहतें. आमच्या घरांतले दिवे एका वाटेनें लागले आणि सौभाग्यवतीच्या माहेरचा घाट दुसऱ्या वाटेनें भिजला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलें, तेव्हां तिचें माहेरहि पाण्यांत होतें. आठ दिवसांनीं भावाच्या घरचा चिखल काढतांना तिनें काय काय फेंकलें, त्याची यादी ती अजून सांगते. त्या दिवशीं वर बसून तिनें ती यादी पुन्हां सांगितली, आणि मग मध्येंच थांबली.

तिसऱ्या दिवशीं कांठाकांठानें चार-पांच किलोमीटर पायीं आणि पुढें लाँचनें तापोळा, तेथून महाबळेश्वरमार्गें घर, असा क्रम झाला. त्यांत विशेष सांगण्यासारखें एवढेंच, कीं उघड्या पडलेल्या मातीवरून चालतांना आम्हांस सारखे बांधच दिसूं लागले. एकदां ओळखूं आल्यावर ते प्रत्येक सोंडेवर आहेत; एकाखालीं एक, पायऱ्यांसारखे पाण्यांत उतरलेले. पहिल्या दिवशीं याच मातीला आम्ही ओसाड म्हटलें होतें. निघतांना सौभाग्यवतीनें त्या घरून चार किलो नाचणी विकत घेतली. होडीवाल्या तरुणाच्या चुलत-आज्याचें सांगलीकडचें गांव तिनें लिहून घेतलें. मात्र सध्यां तेथें कोण आहे हें त्यालाहि नक्की ठाऊक नव्हतें.

ज्येष्ठांत ती माहेरीं गेली, तेव्हां आम्ही बरोबर होतों. तिनें वहिनीला त्या निवडणटिपणवाल्या बाईविषयीं विचारलें. वहिनी १९७८ ला त्या घरांत आली. तिच्या वेळींहि ती बाई दोन-तीन वर्षें येत होती. तिचें नांव काय, असें विचारतां वहिनीनें बराच विचार केला. "आपण सारीं तिला कोयनाबाईच म्हणत होतों," ती म्हणाली. "खरें नांव... भाऊंना विचारूं." भाऊंनाहि तें आठवलें नाहीं. ती कोणत्या वसाहतींत राहत होती हेंहि कुणाला सांगतां येईना. मिरजेच्या बाजूनें चालत येई, इतकें मात्र भाऊंना पक्कें आठवलें. आणि एकदां पावसांत ती ओली होऊन आली असतां आजीनें तिला आंत घेतलें होतें, तेंहि त्यांनीं दोनदां सांगितलें.

सौभाग्यवतीनें पिशवींतली निम्मी नाचणी काढून वहिनीपुढें ठेविली. वहिनीनें मूठभर घेऊन पाहिली आणि विचारलें, "हिची भाकरी थापतांना तुटते, नाहीं का?" तेव्हां दोघी स्वयंपाकघरांत गेल्या, आणि आधण ठेवून पिठाची उकड कशी काढावयाची तें आमच्या सौभाग्यवतीनें, बामणोलीस पाहून आली होती तसें, तिला करून दाखविलें.