मोटारस्पोर्टचा क्लब निवडताय? आधी ॲम्ब्युलन्सबद्दल विचारा

"डॉक्टर, फक्त एक सही हवी आहे."

फिटनेस सर्टिफिकेटचा कागद पुढे करत असं म्हणणारी तरुण मंडळी माझ्याकडे वरचेवर येतात. कुणाला ट्रेकला जायचं असतं, कुणाला मॅरेथॉनला. अलीकडे त्यात मोटारस्पोर्टची भर पडली आहे. कुणी कार्टिंग शिकायला निघालेलं असतं, कुणी मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवायला, कुणी रॅलीला.

सही करण्याआधी मी त्यांना बसवतो आणि विचारतो, "हाच क्लब का निवडला?" उत्तरं ठरलेली असतात. मित्र तिथे आहे, फी कमी आहे, गाड्या भारी आहेत, व्हिडिओ मस्त असतात. यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही. पण मला डॉक्टर म्हणून जे जाणून घ्यायचं असतं, ते बहुतेकांनी क्लबला विचारलेलंच नसतं. म्हणून आजचा हा लेख.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो

मी या खेळाच्या विरोधात नाही. शर्यतीचं वेड आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांत मोटारसायकलच्या शर्यतींनाही गर्दी होते. ज्याला वेगाची ओढ आहे त्याने ती हायवेवर भागवण्यापेक्षा क्लबमध्ये भागवावी, असंच माझं मत आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. शिवाय रस्त्यावर समोरून दुधाची गाडी येते, शाळेतून सुटलेली मुलं येतात. त्यांनी तुमच्या शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं.

पण क्लब म्हटला की आपोआप सुरक्षित, असंही नाही.

एका मुलाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी बावीस वर्षांच्या एका मुलाला त्याचे मित्र जीपच्या मागच्या सीटवर आडवं टाकून घेऊन आले. सकाळच्या सरावात तो मोटारसायकलवरून पडला होता. हेल्मेट होतं, रक्त आलं नव्हतं. थोडं गरगरलं, दोन घोट पाणी प्यायला, कुणीतरी म्हणालं "काही होत नाही रे", आणि दुपारी तो परत गाडीवर बसला. मग दुसऱ्यांदा पडला.

माझ्यासमोर बसून त्याने दहा मिनिटांत चार वेळा एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, माझी गाडी कुठे आहे?" प्रत्येक वेळी त्याची आई उत्तर देत होती आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता.

"ॲम्ब्युलन्समधून का नाही आणलं?" मी मित्रांना विचारलं. ते म्हणाले, "ॲम्ब्युलन्स होती, पण ती सकाळीच दुसऱ्या एका मुलाला घेऊन गेली होती. त्याचं कॉलरबोन मोडलं होतं."

"मग सराव चालू कसा होता?" यावर कुणीच काही बोललं नाही.

त्याचा सीटी स्कॅन सुदैवाने नॉर्मल आला. पण डोकेदुखी दोन महिने टिकली आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा बुडाली. तरीही तो नशीबवान, असंच मी म्हणेन.

म्हणून पहिला प्रश्न हा

"तुमची ॲम्ब्युलन्स पेशंट घेऊन बाहेर गेली, तर ती किंवा दुसरी परत येईपर्यंत ट्रॅक बंद असतो का?"

"हो, बंद म्हणजे बंद" असं उत्तर लगेच आलं तर तो क्लब विचार करण्यासारखा आहे. "अहो, तशी वेळच येत नाही" असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा. माझ्या मते क्लबची परीक्षा तो तुम्हाला किती वेगात जायला शिकवतो यावर होत नाही. योग्य वेळी थांबवण्याची हिंमत त्याच्यात आहे का, यावर होते.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. १० सप्टेंबर १९७८ रोजी इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यतीच्या सुरुवातीलाच मोठा अपघात झाला. रॉनी पीटरसन या ड्रायव्हरच्या पायांची हाडं मोडली. ॲम्ब्युलन्स यायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅट एम्बोलिझमने, म्हणजे मोडलेल्या हाडांमधली चरबी रक्तात मिसळल्याने, त्याचा मृत्यू झाला. ॲम्ब्युलन्स लवकर आली असती तर तो वाचला असता का, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. पण मेंदूचे सर्जन असलेल्या सिड वॉटकिन्स या फॉर्म्युला वनच्या डॉक्टरांनी त्यानंतर चांगली उपकरणं, भूलतज्ज्ञ, हेलिकॉप्टर आणि पहिल्या फेरीत शर्यतीच्या मागोमाग धावणारी मेडिकल कार यांचा आग्रह धरला. २०२० मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून पेटली. तो आगीतून बाहेर येत होता, तेव्हा डॉक्टर तिथे पोचलेले होते, ते याच मेडिकल कारमुळे.

तुमच्या गावच्या क्लबकडे हेलिकॉप्टर नसणार, आणि तशी अपेक्षाही नाही. पण ॲम्ब्युलन्स नसताना गाड्या सोडायच्या नाहीत, या नियमाला पैसे लागत नाहीत.

बाकीचे प्रश्न

१. जवळचं हॉस्पिटल कोणतं? नुसतं जवळचं नको. सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन असलेलं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे, आणि आज सराव आहे हे त्यांना कळवलेलं असतं का? डोक्यात रक्तस्राव झाला तर अर्धा तासही महत्त्वाचा ठरतो.

२. डोक्याला मार लागला तर नियम काय? योग्य उत्तर एकच : त्या दिवशी परत गाडीवर बसायचं नाही, आणि पुढे डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरच.

३. पडलेल्या माणसाचं हेल्मेट कोण काढतं? घाईने ओढून काढलं तर मानेच्या मणक्याची इजा वाढू शकते. मान आणि डोकं धरून दोन प्रशिक्षित माणसांनी ते काढायचं असतं. मार्शलना हे शिकवलं आहे का, ते विचारा.

४. झेंडे शिकवतात का? पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा आणि ओव्हरटेक करू नका. लाल म्हणजे सत्र थांबलं. हे न शिकवता नवख्याला ट्रॅकवर सोडणारा क्लब नको.

५. क्लब कुणाशी संलग्न आहे? भारतात या खेळाची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय आहे आणि ती एफआयए व एफआयएम या जागतिक संघटनांशी जोडलेली आहे. तिने मान्यता दिलेल्या स्पर्धांना खेळाडूचं लायसन्स लागतं.

६. विम्याचं काय? आरोग्य विम्यात 'व्यावसायिक' म्हणून धोकादायक खेळ खेळताना झालेली इजा सहसा वगळलेली असते आणि त्या यादीत मोटार रेसिंगचं नाव असतं. हौशी खेळाडूला पैसे मिळतील का, हे कंपनीकडून लेखी घ्या. गाडीच्या पॉलिसीत तर शर्यत आणि वेगाची चाचणी बहुधा वगळलेलीच असते.

"हेल्मेट होतं की!"

हे वाक्य मी खूपदा ऐकतो. सुका नारळ कानाशी धरून हलवलात तर आत गोटा हलल्याचा आवाज येतो ना? डोक्याचंही थोडंफार तसंच आहे. हेल्मेट करवंटी वाचवतं. आतल्या गोट्याला बसणारा हिसका ते कमी करतं, पण पूर्ण थांबवू शकत नाही. या हिसक्याने मेंदूचं काम काही काळ विस्कळीत होतं, त्याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅन नॉर्मल असूनही ते असू शकतं आणि त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असंही नाही.

डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, तेच तेच विचारणं, उजेड सहन न होणं ही त्याची लक्षणं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी गुंगी, फिट, एका बाजूचा अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं यांपैकी काहीही दिसलं तर एक क्षण न थांबता मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी बदलायचं, कारण आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबला की पुन्हा तसाच काम करत नाही.

कुठून सुरुवात कराल?

माझा सल्ला विचाराल तर हळूहळू चढा. टीएसडी रॅलीत ठरवून दिलेला सरासरी वेग पाळायचा असतो. लवकर पोचलात तरी गुण कापले जातात, म्हणजे तिथे डोकं चालवायचं असतं. ऑटोक्रॉसमध्ये सहसा एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते, त्यामुळे दुसऱ्यावर आदळण्याची भीती कमी. चांगल्या ट्रॅकवरचं कार्टिंगही सुरुवातीला उत्तम. मोटोक्रॉसच्या उड्या नंतर. मनगट, कॉलरबोन आणि गुडघ्याचे लिगामेंट यांचे पेशंट तिथून जास्त येतात.

तुम्हाला फिट येत असतील, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, हृदयविकार असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आपल्या डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोला. सर्दीच्या काही गोळ्यांनीही झोप येते. मे महिन्यात जाड सूट घालून ट्रॅकवर उतरणार असाल तर तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

पालकांसाठी दोन शब्द

ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या नावाजलेल्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत तेरा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. सगळी व्यवस्था असलेल्या ठिकाणीही धोका शून्य होत नाही, हे मी लपवणार नाही. मुलाला पाठवायचं की नाही हा निर्णय तुमचा. पण तो क्लब स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. पहिल्या दिवशी गाडी नेऊच नका. मुलाबरोबर कडेला उभे राहा आणि कुणी पडलं तर काय होतं ते पाहा. "आज बस, घरी जा" असं सांगणारा कुणी वडीलधारा तिथे आहे का? आणि मुलं त्याचं ऐकतात का?

तो बावीस वर्षांचा मुलगा आता दुसऱ्या क्लबमध्ये जातो. मध्यंतरी सर्टिफिकेटसाठी आला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "डॉक्टर, ॲम्ब्युलन्स गेली की तिथे ट्रॅक बंद करतात. मी विचारूनच घेतलं."

मी त्याला तपासलं आणि सही केली.