फुलपाखराची खोटी साक्ष

व्हिडिओ गेम या वस्तूकडे आपल्या सुशिक्षितांत दोनच दृष्टींनी पाहिले जाते. एक पक्ष तिला पोरखेळ म्हणून झटकून टाकतो. दुसरा, बहुधा तरुण, पक्ष ठासून सांगतो की वाचकाला मुकाट साक्षीदार करून ठेवणाऱ्या कादंबरीचे दिवस भरले. कथेचा शेवट ठरविण्याचा अधिकार आता आमच्या हाती आला आहे. पहिल्या पक्षाशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण त्याने खेळ पाहिलेलाच नसतो. दुसऱ्याशी मात्र वाद घातलाच पाहिजे. आणि तो त्याच्या लाडक्या उदाहरणावरूनच घालणे न्याय्य होईल. ते उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील सुपरमॅसिव्ह गेम्स या संस्थेने रचलेला आणि २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर प्रसिद्ध झालेला ‘अनटिल डॉन’ हा भयखेळ.

कथा साधी आहे. कॅनडातील एका बर्फाळ डोंगरावर वॉशिंग्टन कुटुंबाचे प्रशस्त घर आहे. मित्रांनी केलेल्या एका हिणकस थट्टेने दुखावलेली हॅना रात्री घराबाहेर धावत सुटते, तिची जुळी बहीण बेथ तिच्यामागे जाते आणि दोघी कड्यावरून कोसळतात. वर्षभराने त्यांचा भाऊ जॉश त्याच मंडळीला पुन्हा तेथे बोलावतो. आठ तरुण, एक रात्र, आणि पहाटेपर्यंत जिवंत राहण्याची धडपड. खेळणारा आळीपाळीने या तरुणांच्या भूमिकेत शिरतो आणि पळावे की लपावे, खरे सांगावे की दडवावे, हे त्यांच्या वतीने ठरवितो.

अशा प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयानंतर पडद्याच्या कोपऱ्यात फुलपाखरांची एक खूण फडफडते. तुमच्या निवडीचे पडसाद पुढे उमटणार आहेत, असे ती बजावते. ही उपमा हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांची. ब्राझीलमधील फुलपाखराच्या पंखफडकीने टेक्ससमध्ये वादळ उठेल काय, हा प्रश्न त्यांनी १९७२ च्या आपल्या व्याख्यानाच्या शीर्षकातच विचारला होता. परंतु त्या विचाराचा सारा कस असा की कोणती फडफड निर्णायक ठरली हे कोणालाही आधी ओळखता येत नाही. येथे तर फडफडताक्षणीच नगारा वाजतो! ज्या क्षुल्लक कृतीचे भयंकर फळ मिळायचे, तिच्यावर आधीच शिक्का मारून ठेवला तर ती क्षुल्लक राहिली कोठे? लॉरेन्झच्या फुलपाखराचे नाव घ्यायचे आणि त्याचे अनिश्चितपण तेवढे काढून टाकायचे, असा हा प्रकार आहे.

तरीही हा खेळ मला मोलाचा वाटतो, आणि का वाटतो ते त्याच्या दोन प्रसंगांवरून सांगता येईल. पहिल्या प्रसंगात क्रिसपुढे जॉश आणि ॲश्ली हे दोघे जखडलेले आहेत. फिरते करवतीचे पाते कोणाकडे जावे ते त्याने ठरवायचे आहे. तो काहीही ठरवो, पाते जॉशकडेच जाते. निवड साफ खोटी. पुढे एका प्रसंगी त्याच क्रिसच्या हाती पिस्तूल येते: गोळी स्वतःवर झाडावी की ॲश्लीवर? काडतुसे पोकळ असतात, म्हणून मरत कोणीच नाही. येथवर आपल्याला वाटते की पुन्हा फसवणूकच झाली. पण क्रिसने पिस्तूल ॲश्लीवर चालविले असेल, तर काही वेळाने तो जीव मुठीत धरून दाराशी धावत येतो तेव्हा आत उभी असलेली ॲश्ली दार उघडीत नाही. गोळी खोटी होती, पण तिच्यामागचा मनोदय खरा होता, आणि तो तिने पाहिलेला होता. एखाद्या चांगल्या कथेत असावा असा हा सूक्ष्म न्याय आहे. एमिलीला राक्षसाचा चावा बसतो तेव्हा भेदरलेले मित्र तिच्यावर पिस्तूल रोखतात, तेथेही हेच. चाव्याने बाधा होत नाही, हे एका टिपणवहीतून नंतर कळते. तोवर भयाने हातून काय घडले, ते घडून गेलेले असते.

‘घडून गेलेले असते’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण या खेळाचे खरे बळ पर्यायांच्या संख्येत नसून त्यांच्या अटळपणात आहे. एरवीच्या खेळांत माणूस मेला की दोन पावले मागे जाऊन पुन्हा सुरुवात करता येते; येथे रात्र चालू असताना यंत्र आपोआप नोंद करून पुढे सरकते, आणि मेलेला मेलेलाच राहतो. फाइलवर शेरा मारून ती पुढे गेली की तो खोडता येत नाही. आम्हा कारकुनांना या जातीची धास्ती चांगली परिचयाची आहे. तिच्याच जोडीची दुसरी युक्ती स्तब्धतेची. राक्षस समोर असताना हातातील कंट्रोलर किंचितही न हलविता धरावा लागतो; हात कापला की पात्र गेले. कथेतील भय वाचकाच्या मनगटात उतरावे, हे नारायण धारपांच्या कथा रात्री वाचून दिवा न मालवणाऱ्यांनाही नवे वाटेल.

आता दोष. प्रत्येकाचे मरणजीवन तुमच्या हाती, असा या खेळाचा डौल आहे. प्रत्यक्षात सॅम आणि माइक शेवटच्या, म्हणजे दहाव्या प्रकरणापर्यंत मरूच शकत नाहीत. कथेला ते हवे असतात. बाकीच्यांवर मात्र बोटांच्या चपळाईचीही सक्ती आहे. जेसिकाला वाचवायला धावताना माइकने वेळ गमावला, चार बटणे चुकली, की ती मेली. हा विवेकाचा दोष की अंगठ्याचा? सावधपणे सुरक्षित वाट धरणे हाही येथे अपराधच ठरतो.

याहून मोठा दोष उसनवारीचा. यातील राक्षस म्हणजे वेंडिगो. क्री, ओजिब्वे आदी अल्गॉन्क्वियन भाषकांच्या परंपरेत तो हिवाळा, उपासमार आणि नरमांस यांच्याशी जोडलेला आहे. खाणीत अडकून माणूस खाणाऱ्याचाच राक्षस होतो, हे मर्म खेळाने राखले आहे. परंतु त्या लोकांपैकी एकही बोलते पात्र खेळात नाही. ‘टोटेम’ हा शब्द मुळात ओजिब्वे भाषेतला, कुळाचे नाते सांगणारा. येथे टोटेम म्हणजे बर्फात सापडणारे, पुढील मृत्यूची झलक दाखविणारे लाकडी तुकडे, वेचून संग्रह करण्यासाठी ठेवलेले. ज्या गोष्टीत कुळाची ओळख होती तिचे असे खेळणे झाले, आणि भविष्य असे आगाऊ वाटून निवडीचे ओझेही हलके केले गेले.

२०२५ साली याच नावाचा चित्रपट आला. त्यातील तरुण मरतात आणि रात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते! खेळाने जी एक गोष्ट जिवापाड जपली होती, नेमकी तीच चित्रपटकर्त्यांनी टाकून दिली. पर्यायांच्या विपुलतेलाच नवे वाङ्मय समजणाऱ्यांनी हे दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत.

आणि जॉशचे काय? बहिणींच्या शोकाने मन भंगलेल्या या मुलाच्या वाट्याला दोनच शेवट आहेत: डोके चिरडून मरण, किंवा स्वतःच वेंडिगो होणे. त्यांतला कोणता, हे सॅमला हॅनाच्या अखेरच्या दिवसांचा पुरावा सापडला की नाही यावर ठरते. बाकी सातजण पहाटेपर्यंत माणूस म्हणून टिकू शकतात. आठांतल्या एकाच रुग्णाला ती वाट नाही, आणि त्याच्यासाठी कोपऱ्यातली फुलपाखरे कितीही वेळा फडफडली तरी ती उघडत नाही.