पितरांचीं नांवें आणि त्यांची हकीकत

पितृपक्षांत तर्पण करितांना पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें आपण घेतों. परंतु शेजारीं बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास त्या नांवांमागील माणसें ठाऊक असतात काय, हा प्रश्न प्रत्येक एकत्र कुटुंबानें स्वतःस विचारण्याजोगा आहे.

या बाबतींत जपानची रीत पाहण्यासारखी आहे. जपानांतील ‘ओबोन’ हा सण आपल्या पितृपक्षासारखाच असून बहुतेक प्रांतांत तो ऑगस्टच्या मध्यास येतो. पूर्वज घरीं येतात या श्रद्धेनें लोक थडगीं धुतात, दिवे लावितात व शेवटीं त्यांस निरोप देतात. १५ ऑगस्ट १९४५ रोजीं जपानची शरणागती जाहीर झाली, तीही याच दिवसांत. म्हणून तेथें पितरांचें व युद्धाचें स्मरण एकत्र मिसळून गेलें आहे.

हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं बाँब पडला, त्यांत आगीस आळा बसावा म्हणून घरें पाडण्याच्या कामावर लाविलेले सुमारें सहा हजार विद्यार्थी मृत्यु पावले. २००७ पासून त्या शहरांतील मोतोमाची हायस्कुलाचे विद्यार्थी वांचलेल्या वृद्धांची हकीकत ऐकून तिचीं चित्रें रंगवितात. एका चित्रास कित्येक महिने लागतात. आभाळाचा रंगसुद्धां विचारून घ्यावा लागतो. २०२२ पासून तर मुला-नातवंडांनीं आपल्याच घरांतील हकीकत शिकून लोकांस सांगावी, अशी व्यवस्था शहरानें केली आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यासही तो काळ अपरिचित नव्हता. महायुद्ध चालू असतांनाच ऑगस्ट १९४२ मध्यें तुमसर येथें ‘चले जाव’ चळवळींतील लोकांवर गोळीबार झाला व त्यांत माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या वर्षीं पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज शंभरीच्या उंबरठ्यावर असेल. त्याच्या तोंडून ऐकलेलें सांगणारे लेक-सुना मात्र अजून घरोघरीं आहेत.

तेव्हां येत्या पितृपक्षांत मुलाच्या हातीं एक वही द्यावी. पणजोबा त्या वर्षीं कोठें होते, तुरुंगांत कोण गेलें, सैन्यांत कोण होतें, महागाईंत पणजीनें घर कसें चालविलें, हें त्यानें वडीलधाऱ्यांस विचारावें. कोणी त्या वेळीं सरकारची नोकरी इमानें केली असेल, तर तेंही लपवूं नये. आपल्या आजोबांनीं चीनमध्यें काय केलें, हें सांगणें जपानी घरांनाही जड जातें. परंतु केवळ शोभेचें तेवढेंच सांगितल्यास मुलास पूर्वज मिळत नाहींत, तसबीर मिळते.