माहितीच्या धंद्यातील निनावी हात

खास प्रतिनिधी

वांद्रे-कुर्ला संकुलात एखाद्या बँकेने इतक्या हजार चौरस फुटांची कचेरी अमुक दराने भाड्याने घेतली, अशा आशयाची बातमी आर्थिक पानांवर वरचेवर येते. बातमीत प्रॉपस्टॅक, सीआरई मॅट्रिक्स अशा एखाद्या कंपनीचा हवाला असतो. वाचकाचे लक्ष भाड्याच्या आकड्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तो आकडा दस्तातून शोधून, पडताळून तक्त्यात बसविणाऱ्या कर्मचाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. व्यापारी मालमत्तांची माहिती विकणे हा आज जगभर मोठा धंदा झाला आहे. त्या धंद्यातील न्यायालयीन लढाया पाहिल्या, की या कर्मचाऱ्याची स्थिती किती नाजूक आहे हे ध्यानात येते.

या क्षेत्रातील सर्वांत बलाढ्य कंपनी म्हणजे अमेरिकेतील कोस्टार. ॲन्ड्र्यू फ्लॉरन्स यांनी १९८७ मध्ये तिची स्थापना केली. १९९८ मध्ये ती भांडवल बाजारात उतरली. २०१२ मध्ये तिने लूपनेट ही प्रतिस्पर्धी कंपनी सुमारे ८६ कोटी डॉलरना विकत घेतली. कोणत्या इमारतीत किती जागा रिकामी आहे, भाडेकरू कोण, करार केव्हा संपतो, एवढेच तिचे ग्राहक विचारतात. दलाल, बँका आणि गुंतवणूकदार यांना त्याची उत्तरे हवी असतात आणि ते त्यासाठी भरघोस वर्गणी मोजतात.

ही उत्तरे आपोआप जमा होत नाहीत. संशोधन विभागातील कर्मचारी दिवसभर दलालांना आणि इमारतींच्या व्यवस्थापकांना दूरध्वनी करतात. समोरचा माणूस कधी माहिती देतो, कधी टाळतो, कधी दर फुगवून सांगतो. काही जण गाडीतून शहर पालथे घालून इमारतींची छायाचित्रे घेतात. माहिती चार महिने जुनी झाली की तिची किंमत घसरते, म्हणून तीच इमारत, तोच दलाल आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. अशा कामाचे मोजमाप करणे सोपे असते. दिवसाकाठी किती फोन, किती नोंदी अद्ययावत, हे संगणक क्षणात सांगतो. फोनवरच्या माणसाशी वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास मात्र त्या मोजमापात कोठेच येत नाही. खरे तर माहितीचा दर्जा त्या विश्वासावरच ठरतो.

येथे कायद्याची एक गंमत आहे. टेलिफोन डिरेक्टरीच्या गाजलेल्या फाइस्ट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निवाडा दिला, की केवळ कष्ट करून तथ्ये गोळा केल्याने त्यांवर स्वामित्वहक्क मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात, निव्वळ श्रम आणि भांडवल पुरेसे नाही, अशीच भूमिका घेतली. म्हणजे हजार फोन करून मिळविलेला भाड्याचा दर तसा कोणाच्याच मालकीचा नाही. छायाचित्राला मात्र संरक्षण आहे. अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी एका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यामुळे या कंपन्या भांडतात प्रामुख्याने छायाचित्रांवरून, आणि त्या भांडणात भरडला जातो कर्मचारी.

मिसुरी राज्यातील एक्सेलिजंट ही कोस्टारची प्रतिस्पर्धी. आपली छायाचित्रे व माहिती तिने चोरल्याचा दावा कोस्टारने डिसेंबर २०१६ मध्ये दाखल केला. एक्सेलिजंटने मक्तेदारीचा प्रतिदावा केला, परंतु ती टिकली नाही. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर २०१७ मध्ये, तिने दिवाळखोरी जाहीर करून कामकाज बंद केले. २०१९ मध्ये तिच्याविरुद्ध ५० कोटी डॉलरचा हुकूमनामा झाला. तोपर्यंत तेथील कर्मचारी केव्हाच पांगले होते. नक्कल करण्याचा निर्णय त्यांच्यापैकी कितींनी घेतला असेल?

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. एक्सेलिजंटसाठी भारतातील कर्मचाऱ्यांकडून काम करवून घेणाऱ्या आरई बॅकऑफिस या कंपनीने २०१७ मध्ये कोस्टारच्या माहितीची नक्कल झाल्याचे न्यायालयात मान्य केले. पुढे २०२० मध्ये कोस्टारने क्रेक्सी या कंपनीवर दावा ठोकला, तेव्हाही भारतातील कंत्राटी मनुष्यबळाचा वापर झाल्याचा आरोप झाला. क्रेक्सीने आरोप नाकारून कोस्टारवरच मक्तेदारीचा प्रतिदावा केला आणि खालच्या न्यायालयाने फेटाळलेला तो प्रतिदावा जून २०२५ मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा जिवंत केला. दोन्ही बाजूंकडे नामांकित वकील आहेत. रात्रपाळीत संगणकासमोर बसून नेमून दिलेली पाने उघडणाऱ्या भारतीय मुलामुलींचा उल्लेख त्या कागदपत्रांत केवळ 'कंत्राटदार' म्हणून येतो.

महाराष्ट्रात हे काम निराळ्या पायावर उभे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी कायदा, १९०८ सूची पाहण्याची मुभा सर्वांना देतो. त्यामुळे येथे दलालाची मनधरणी कमी आणि दस्तवाचन अधिक. सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडचा 'इंडेक्स टू', मराठीत असतो. मोबदला, बाजारभाव, भू-मापन, पोटहिस्सा, दस्त करून देणाऱ्या पक्षकाराचे नाव हे रकाने वाचून त्यांतून इंग्रजी तक्ता तयार करणे हे मराठी जाणणाऱ्याचेच काम. एकाच इमारतीचे नाव तीन दस्तांत तीन प्रकारे लिहिलेले असते. क्षेत्रफळ कोठे चौरस मीटरमध्ये तर कोठे चौरस फुटांत. कोठे कार्पेट, कोठे बिल्टअप. एक रकाना चुकला तर दर चौरस फुटाचा भाव दीडपट होतो, आणि तोच दुसऱ्या दिवशी छापून येतो.

नोकरी बदलण्याच्या बाबतीत भारतीय कर्मचारी तुलनेने सुरक्षित आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे राजीनाम्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारी अट सहसा टिकत नाही. अमेरिकेत अशा अटींवर देशव्यापी बंदी घालण्याचा नियम संघीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये केला, ऑगस्टमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो रद्द ठरविला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने अपीलही मागे घेतले. गोपनीयतेची अट मात्र आपल्याकडेही लागू राहते. सार्वजनिक दस्तातून वाचलेले आणि कंपनीच्या माहितीकोशातून पाहिलेले यांतील सीमारेषा नव्या नोकरीत कशी सांभाळायची, हे कोणत्याही नियुक्तिपत्रात लिहिलेले नसते. आता दस्तवाचनासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढू लागला आहे. यंत्राला पोटहिस्सा आणि घरक्रमांक यांतला फरक शिकवण्यासाठी लागणारे अचूक नमुने या कर्मचाऱ्यांनीच वर्षानुवर्षे भरलेले तक्ते आहेत, आणि नोकरी सोडताना ते तक्ते कार्यालयातच राहतात.