विजेविना वाजणारी गिटार

केडगावात परवा सायंकाळी वीज गेली आणि ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासूनची आमची इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली. म्हणून साधी, लाकडी पोटाची गिटार घ्यायचे आम्ही ठरवले.

वाचकहो, सवय मोठी खोडसाळ! इलेक्ट्रिकवर पहिली तार ०.००९ इंचाची, दुकानातल्या गिटारला ०.०१२ची. तिसरी तारही गुंडाळलेली. ती ओढून सूर चढवताना बोटे कळवळली. दुकानदाराने ०.०११चा संच चढवला तेव्हा कुठे हात बसला.

घेणाऱ्यांनी चकाकी पाहू नये. मान सरळ आहे का, बाराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आहे का, हे पाहावे. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवावी. वरची फळी एकसंध लाकडाची असेल तर नाद भरदार. पण कोरड्या उन्हाळ्यात तिला तडा जाण्याची भीती अधिक. आमच्या पत्र्याच्या घराला आणि पगाराला प्लायवुडचीच झेपली.

एक कबुली द्यायला हवी. अ‍ॅम्प्लिफायरच्या गोंगाटात आमच्या चुका झाकल्या जात. रात्री घरी वाजवायला बसलो, तर धाकटी म्हणाली, "पप्पा, इथे चुकलं."

इतक्या वर्षांत घरातल्या कुणी आमचे वाजवणे प्रथमच नीट ऐकले होते.