एकाच पायरीवरचे दोन शेजारी

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश हे दोन देश १३० व्या क्रमांकावर एकत्र बसले आहेत. दोघांचाही निर्देशांक ०.६८५. आपल्याकडील सुशिक्षितांना ही बरोबरी रुचणे कठीण आहे. बांगलादेश म्हटले की पूर, वादळ आणि निर्वासित एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते; आणि नवी मुंबईत तर त्या देशाचे नाव बहुधा पोलिसांच्या छाप्याच्या बातमीतच वाचावयास मिळते. ज्याच्याविषयी आपण केवळ संशयाने बोलतो तो शेजारी आपल्याच पायरीवर उभा असावा, ही गोष्ट कोणालाही अस्वस्थ करील. परंतु अस्वस्थता हे काही उत्तर नव्हे.

हा निर्देशांक १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने व अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने सिद्ध झाला. एक पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री, तर दुसऱ्यांचे कुळ मूळचे ढाक्याचे. तेव्हा हे माप परक्यांनी आपल्यावर लादले, अशी तक्रार करण्यास जागा नाही. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची ही मोट आहे. ती सोडून पाहिली म्हणजे खरी गंमत कळते. दरडोई उत्पन्नात भारत थोडा पुढे आहे. शालेय शिक्षणाच्या वर्षांत दोघे जवळजवळ सारखे. पण भारतीयाचे सरासरी आयुर्मान ७२ वर्षे, तर बांगलादेशीयाचे ७४ वर्षांहून अधिक. कमी पैशात अधिक आयुष्य, हे त्यांना कसे साधले?

याचे एक उत्तर मीठ-गुळाच्या पाण्यात आहे. १९८० ते १९९० या दशकात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या स्त्रिया खेडोपाडी सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण अतिसार झालेल्या मुलाला कसे पाजावे, हे त्यांनी प्रत्येक आईला शिकविले. कार्यकर्तीचा मेहनताना ठरे तो तिने किती घरे पालथी घातली यावरून नव्हे, तर शिकविलेले आईच्या किती ध्यानात राहिले यावरून. आमच्या सरकारी खात्यांनी हा एक नियम जरी उचलला, तरी निम्मे अहवाल लिहावेच लागणार नाहीत! याच उपचाराने १९७१ साली, बोनगावच्या निर्वासित छावणीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले होते. बोनगाव भारतात आहे. म्हणजे ज्ञान आपल्या अंगणातही होते. ते इतक्या चिकाटीने घराघरांत पोचविण्याचे काम मात्र सीमेपलीकडे झाले.

शौचालयांची कथाही तशीच. २०१५ साली उघड्यावर शौचास जाणाऱ्यांचे प्रमाण बांगलादेशात सुमारे एक टक्का उरले होते, आपल्याकडे ते चव्वेचाळीस टक्के होते. त्यानंतर आपण वेगाने पुढे आलो, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मधल्या वर्षांची किंमत लहान मुलांनी मोजली.

बांगलादेशाला आदर्श म्हणून देव्हाऱ्यात बसविण्याचा आमचा हेतू नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यांनी तेथील लक्षावधी स्त्रियांच्या हाती स्वतःचे वेतन दिले हे खरे. परंतु २०१३ साली राणा प्लाझाची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले, तेही त्याच व्यवसायात. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्यांवर तरुणांचे रक्त सांडले तेव्हा निर्देशांकाचा दशांशही हलला नाही. भयमुक्त मतदान आणि निर्भय बोलणे या गोष्टी त्या मापात बसतच नाहीत. आयुष्य लांबणे आणि आयुष्य सुखाचे होणे यांत अंतर आहे.

पण शेजाऱ्याचे दोष मोजून आपल्या घरातील मुलाची उंची वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली आहेत. आपले महाराष्ट्र राज्य, ज्याच्या श्रीमंतीचा आपण उठता-बसता उल्लेख करतो, ते ३५.२ टक्क्यांवर, म्हणजे देशाच्या सरासरीला चिकटून आहे. बांगलादेशाचा २०२२ चा आकडा चोवीस टक्के आहे. आणि उपाय माहीत नाही असेही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटविले. गडचिरोलीला जे जमले ते सिडकोने आखलेल्या शहराला जमू नये?

नवी मुंबईला मोरबे धरणाचे स्वतःचे पाणी आहे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने देशात तिसरा क्रमांक मिळविला. त्याचा अभिमान योग्यच. परंतु नेरूळच्या सोसायटीतील मूल आणि तुर्भे स्टोअरच्या झोपडपट्टीतील मूल यांची बेरीज करून दोनाने भागले, तर ती सरासरी दोघांपैकी एकाचेही वर्णन करीत नाही. म्हणून आमची महानगरपालिकेकडे मागणी आहे की तिने दरवर्षी प्रभागवार पत्रक काढावे: किती अर्भके दगावली, किती मुले खुरटली, किती घरांत स्वतःचा नळ आहे. दिघ्याचा आकडा आणि पामबीच मार्गाचा आकडा एकाच पानावर छापला जावा, आणि अर्थसंकल्पाची चर्चा त्या पानापासून सुरू व्हावी.